मोठ्या माशाचें नवें घर

घर बदलण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांवर आलेला असेल. सामानाचीं गांठोडीं बांधावीं, नव्या घरीं चुलीवर दूध उतूं जाऊं द्यावें आणि पहिल्या रात्रीं अनोळखी छताकडे पाहत पडावें, हा अनुभव कोणास नवा नाहीं. आज मी अशाच एका घरबदलाविषयीं बोलणार आहें. मात्र तो माणसांचा नव्हे. घरांत कांचेच्या पेटींत पाळलेला मासा वाढत वाढत इतका मोठा होतो कीं, त्याला तींत वळतांहि येईनासें होतें. मग त्याच्यासाठीं मोठी पेटी आणावी लागते. जुन्या पेटींतून नव्या पेटींत त्याला सुखरूप कसें न्यावें, हा आजच्या भाषणाचा विषय.

मी मत्स्यशास्त्राचा पंडित नाहीं. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारा जन्म शाळेंत मुलांना गणित व सृष्टिविज्ञान शिकविण्यांत गेला. तरीहि या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असें मी समजतों. कारण या कामांत मीं एकदां चूक केली आहे, आणि तिचें प्रायश्चित्त मला नव्हे, एका मुक्या प्राण्याला घ्यावें लागलें.

पांच वर्षांपूर्वींची गोष्ट. नातीच्या हट्टावरून आमच्या सांगलीच्या घरीं दोन फूट लांबीची एक कांचेची पेटी आलेली होती. तींत काळसर, खडबडीत अंगाचा एक मासा होता. दुकानदार त्याला 'सकर' म्हणतात. कांचेला तोंड चिकटवून तो शेवाळ खरडून खातो. आणला तेव्हां बोटाएवढा होता. दोन वर्षांत चांगला वीतभर झाला. त्याला जागा पुरेना म्हणून मीं तीन फुटी पेटी विकत घेतली. शिक्षकाच्या अंगीं स्वच्छतेचें वेड असतें. नव्या पेटीची कांच मीं लखलखीत पुसली. जुन्या पेटींतील वाळू, दगड आणि गाळणींतला स्पंज हें सर्व नळाखालीं धरून पाणी निवळेपर्यंत चोळून चोळून धुतलें. मग नळाचेंच ताजें पाणी भरलें आणि त्याच दुपारीं माशाला जाळींत धरून तींत सोडून दिलें. पाणी इतकें निर्मळ दिसत होतें कीं, पेटी रिकामीच आहे असें वाटावें.

दुसऱ्या दिवशीं मासा कांहीं खाईना. चवथ्या दिवशीं तो वर येऊन धापा टाकूं लागला आणि पांचव्या दिवशीं सकाळीं तळाशीं उताणा पडलेला आढळला. नात त्या वेळीं सहा वर्षांची होती. तिनें विचारलें, "आजोबा, त्याला नवें घर आवडलें नाहीं कां?"

जन्मभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. या प्रश्नाला मात्र माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तें शोधूं लागलों, पुस्तकें चाळलीं, जाणत्यांना विचारलें, तेव्हां उमगलें कीं, मीं माशाला मोठी कांच दिली होती आणि त्याचें घर मात्र नळाखालीं धुवून टाकलें होतें. तें कसें, हें आतां सांगतों.

मासा ज्या कल्ल्यांनीं श्वास घेतो, त्याच कल्ल्यांवाटे अमोनिया नांवाचा पदार्थ सतत बाहेर टाकीत असतो. उरलेलें अन्न आणि विष्ठा कुजूनहि तोच पदार्थ उत्पन्न होतो. नदींत तो वाहून जातो. पेटींत तो सांचतो. अमोनिया माशाला विष आहे, आणि पाणी जितकें अल्कलीयुक्त तितकें तें विष तीव्र होतें. रसायनशास्त्रांत पाण्याचा हा गुण पीएच नांवाच्या आंकड्यानें मोजतात. पाणी २५ अंश उष्ण असतां पीएच ७ असेल, तर एकंदर अमोनियापैकीं शेंकडा अर्ध्याहून किंचित् अधिक भागच विषारी रूपांत असतो. पीएच ८ झाला कीं तोच भाग शेंकडा पांचांवर जातो. म्हणजे तोच मासा, तेवढीच घाण, पण विष नऊपटीहून अधिक. आमच्या नळाच्या पाण्याचा पीएच मीं मोजला, तो ८ भरला.

मग जुन्या पेटींत मासे जगतात तरी कसे? याचें उत्तर डोळ्यांना दिसत नाहीं. गाळणींतल्या स्पंजावर, वाळूच्या कणांवर आणि दगडांवर जो बुळबुळीत थर जमतो, त्यांत दोन जातींचे सूक्ष्म जंतु राहतात. पहिल्या जातीचे जंतु अमोनिया खातात आणि त्याचें नायट्राइट करतात. नायट्राइटहि विषच आहे; तें रक्तांत शिरलें म्हणजे रक्त तपकिरी होतें आणि त्याला प्राणवायु वाहतां येत नाहीं. परंतु दुसऱ्या जातीचे जंतु या नायट्राइटाचें नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानें बरेंच सौम्य असतें आणि आठवड्यास थोडें पाणी बदललें कीं आटोक्यांत राहतें.

हा व्यापार सजीवांचा आहे, हें १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लेझिंग आणि म्यून्त्स या दोघां शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. त्यांनीं गटाराचें पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू झिरपत ठेवलें. पहिले सुमारें वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खालीं उतरत राहिला आणि मग त्याचें नायट्रेट होऊं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें काम बंद पडलें. अर्थात् तें काम करणारा कोणी जिवंत होता. पुढें १८९० सालीं विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानें ते जंतु वेगळे काढून दाखविले.

श्रोतेहो, त्या वीस दिवसांकडे लक्ष द्या. दूध नासविणारे जंतु पाहतां पाहतां दुप्पट होतात. या जंतूंची वाढ अतिशय मंद असते. कोऱ्या पेटींत त्यांची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यांतला क्लोरीन आपल्या पोटाच्या रक्षणासाठीं घातलेला असतो. तो रोगजंतूंना मारतो, तसाच यांनाहि मारतो. मीं स्पंज नळाखालीं धरला तो याच अज्ञानानें. आणखी एक गैरसमज येथेंच दूर करतों. पुष्कळ लोक जुन्या पेटींतलें पाणी नव्या पेटींत ओतून निर्धास्त होतात. परंतु हे जंतु पाण्यांत फारसे नसतातच. ते पृष्ठभागांना चिकटून असतात. जपावयाचा तो स्पंज आणि वाळू.

आतां माझ्या दुसऱ्या परीक्षेकडे वळतों. सकर गेल्यावर ती तीन फुटी पेटी कांहीं महिने रिकामी होती. त्या सुमारास आमचे एक शेजारी बदली होऊन परगांवीं निघाले आणि आपले दोन मासे आमच्याकडे सोंपवून गेले. रुपेरी अंग, पाठीवर उंच पर, आणि सदैव भिरभिरती चाल. दुकानांत यांना 'शार्क' म्हणून विकतात, पण शार्कशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. शास्त्रीय ग्रंथांत ज्यांना मार्जारमीन म्हणतात आणि बाजारांत कॅटफिश, त्या कुळांतले ते आहेत. आपल्याकडील शिंगाळा आणि मागूर याच कुळांतले. मांजरासारख्या मिशा, ही त्या कुळाची खूण.

आमच्या पाहुण्यांचें खरें नांव पंगास. त्यांचें मूळ घर आग्नेय आशियांतील मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ते बांगलादेशमार्गें भारतांत आले आणि आज आंध्र प्रदेशांत तळ्यांतून त्यांची मोठी पैदास होते. हॉटेलांत 'बासा' या नांवानें जो मासा पानांत येतो, तो बहुधा हाच. नदींत तो सव्वा मीटरहून लांब आणि चाळीस किलोग्रॅमहून जड झाल्याच्या नोंदी आहेत. असा हा मासा दुकानांत बोटाएवढा असतांना विकतात, आणि तो किती वाढतो हें घेणारा विचारीत नाहीं व विकणारा सांगत नाहीं. आमच्याकडे आले तेव्हां ते हाताच्या पंज्याएवढे होते. चार वर्षांत प्रत्येकी ३५ सेंटिमीटर झाले. पेटीची रुंदी अवघी ३८ सेंटिमीटर. वळतांना त्यांचें नाक एका कांचेस आणि शेपूट दुसरीस लागे. नाकाची कातडी सोलली जाऊन तेथें पांढरा डाग पडला, तेव्हां मात्र मला गप्प बसवेना.

नवी पेटी आणण्यापूर्वीं माशाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. या जातीविषयीं तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली अशी कीं, कॅटफिशला चव घेणाऱ्या कलिका केवळ तोंडांत नसतात. मिशांवर त्या दाट असतात आणि बाकीच्या अंगावरहि पसरलेल्या असतात. त्यांतून पंगासाच्या अंगावर खवले नाहींत. आपण नवें घर डोळ्यांनीं पाहतों. हा मासा तें सर्वांगानें चाखतो. पाण्यांतला लहानसा फरकहि त्याला लागतो, आणि इतर माशांना सोसणारीं कांहीं औषधें त्याला सोसत नाहींत.

दुसरी गोष्ट कांट्यांची. कॅटफिशच्या बहुतेक जातींत पाठीच्या आणि छातीच्या परांपुढें एकेक कठीण, दांतेरी कांटा असतो. घाबरला कीं मासा हे कांटे ताठ करून जखडून ठेवतो. अशा वेळीं तो जाळ्यांत असेल तर कांटा धाग्यांत गुंततो, आणि ओढाताणींत मासा व धरणारा दोघेहि जखमी होतात. आमच्या सकराला मीं जाळींत धरलें होतें, हें येथें पुन्हां कबूल करतों.

तिसरी गोष्ट भीतीची. १९३८ सालीं कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानें असें प्रसिद्ध केलें कीं, एका लहान माशाची कातडी फाटली तर तींतून एक द्रव्य पाण्यांत उतरतें आणि त्याच्या सोबतचे मासे तें हुंगून भयभीत होतात. हा गुण ज्या मोठ्या गटांत आढळतो, त्यांतच कॅटफिशहि येतात. म्हणून एका माशाला नेतांना ओरखडा निघाला, तर मागें राहिलेल्या दुसऱ्याला तें कळतें. पंगास तर मूळचाच भित्रा. दिवा एकदम लागला तरी तो बाणासारखा सुटून कांचेवर आदळतो.

आतां पेटीकडे. मीं करवून घेतलेली पेटी १८० सेंटिमीटर लांब, ७५ रुंद आणि ६० उंच आहे. कांच १२ मिलिमीटर जाडीची. वरचे आठ सेंटिमीटर मोकळे ठेवले तर तींत ७०० लिटर पाणी मावतें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम, हें आपण शाळेंत पाठ केलेलें असतें. पण त्याचा अर्थ पेटी भरतांना कळतो. पाणी ७०० किलोग्रॅम, कांच सुमारें १३०, वाळू पन्नासाच्या घरांत, आणि खालचा लोखंडी घोडा वेगळा. सारें मिळून नऊशें किलोग्रॅमच्या आसपास. राहत्या घराच्या मजल्याचा हिशेब स्थापत्यशास्त्रांत चौरस मीटरास २०० किलोग्रॅम या मानानें धरतात. आमच्या पेटीचा भार त्याच्या तिपटीहून अधिक पडतो. म्हणून ती वरच्या मजल्यावर चढविण्याचा मुलाचा बेत मीं मोडून काढला आणि खालीं, जमिनीवरच्या पडवींत, भिंतीला लागून तिची जागा केली. मजल्यावर ठेवावयाचीच असेल त्यानें आधीं जाणत्या इंजिनियराला दाखवावें.

गणिताच्या मास्तराला एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, पसाऱ्यावर नाहीं. या पेटीच्या दर्शनी कांचेवर पाण्याचा सुमारें २४० किलोग्रॅमचा रेटा पडतो. पेटी मागेंपुढें दुप्पट रुंद केली तरी तो रेटा तेवढाच राहतो. उंची वाढविली तर मात्र झपाट्यानें वाढतो. माशाला हवी असते ती लांबी आणि रुंदी, कारण तो आडवा पोहतो व आडवाच वळतो. तेव्हां उंच पेटी घेण्यापेक्षां रुंद पेटी घ्यावी. ती माशालाहि सुखाची आणि कांचेलाहि. घोडा पाणसळीनें समपातळींत बसवावा आणि पेटीखालीं थर्माकोलचा पत्रा घालावा, म्हणजे एखादा खडा कांचेंत रुतणार नाहीं.

पेटी आली, पाणी भरलें. मागच्या वेळीं मीं येथेंच थांबलों होतों. या वेळीं येथून आरंभ केला.

प्रथम क्लोरीन घालविला. त्यासाठीं दुकानांत औषध मिळतें. त्यांतला मुख्य पदार्थ बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत तोच. नुसता क्लोरीन असेल तर पाणी उघडें ठेवून दिवसभर हवेचा पंप चालविल्यानेंहि तो उडून जातो. परंतु कांहीं ठिकाणीं क्लोरामीन वापरतात आणि तो असा सहजासहजीं उडत नाहीं. म्हणून औषध घालणें बरें.

मग जंतूंची वस्ती. दुधाला विरजण लावतात, तसा जुन्या गाळणींतल्या स्पंजाचा एक तुकडा नव्या गाळणींत ठेवला. पण जंतूंना खाऊं काय घालावयाचें? पेटींत मासा तर नव्हता. यासाठीं शुद्ध नवसागर उपयोगी पडतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. सातशें लिटर पाण्यांत तो सुमारें साडेचार ग्रॅम घातला कीं लिटरमागें दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. मात्र तो रसायनें विकणाऱ्याकडचा शुद्ध असावा, कल्हईवाल्याकडचा नको. त्यानंतर दर दुसऱ्या दिवशीं परीक्षानळींत थोडें पाणी घेऊन, थेंबांच्या औषधानें रंग पाहून, आंकडा टिपून ठेवावयाचा. माझ्याकडे शाळेचें एक कोरें हजेरीपत्रक पडून होतें. नातीनें त्यावर रकाने आंखले: तारीख, उष्णता, अमोनिया, नायट्राइट. आतां ती अकरा वर्षांची आहे आणि तिचें अक्षर माझ्यापेक्षां चांगलें आहे.

पहिला आठवडा अमोनियाचा आंकडा हलला नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत तो उतरूं लागला आणि नायट्राइट दिसूं लागलें. तिसऱ्या आठवड्यांत नायट्राइटाचा रंग इतका गडद आला कीं, मुलानें "काम बिघडलें" असा निकाल दिला. मीं त्याला फ्रान्समधल्या वाळूचे वीस दिवस सांगितले. अमोनिया उतरला कीं पुन्हां थोडा नवसागर घालीत गेलों. अठ्ठाविसाव्या दिवशीं संध्याकाळीं पूर्ण मात्रा घातली, आणि दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दोन्ही रकान्यांत शून्य आलें. मग नायट्रेट कमी करण्यासाठीं निम्म्याहून अधिक पाणी बदललें. माझ्या शिक्षकाच्या आयुष्यांत शून्य गुणांनीं एवढा आनंद झाल्याचें मला स्मरत नाहीं.

हलविण्यासाठीं आम्हीं फाल्गुन निवडला. पौषांतल्या थंड रात्रीं या उष्ण प्रदेशांतल्या माशाला मानवत नाहींत आणि वैशाखांत पाणी फार तापतें. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. दोन दिवस आधीं खाणें बंद केलें, म्हणजे वाटेंत पाणी घाण होत नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं पडवींतला दिवा मालविला आणि आंतल्या खोलींतल्या उजेडावर काम चालविलें. दोन्ही पाण्यांची उष्णता मोजली. फरक अर्ध्या अंशाचा होता. मग रबरी नळीनें, वक्रनलिकेच्या तत्त्वावर, जुन्या पेटींतलें पाणी काढून तें एकतृतीयांश राखलें, म्हणजे माशांना उसळी मारण्यास वाव उरला नाहीं.

जाळी वापरलीच नाहीं. एक लांबट प्लास्टिकचा टब पाण्यांत आडवा बुडविला आणि हाताच्या तळव्यानें, न ढकलतां, केवळ वाट अडवीत अडवीत, धाकट्या माशाला त्यांत वळविलें. यास पाऊण तास लागला. मुलानें दोनदां जाळी पुढें केली. दोनदां मीं ती मागें सारली. मासा आंत येतांच वर ओलें फडकें टाकलें आणि आम्हीं दोघांनीं टब पाण्यासकट उचलला. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलोग्रॅम. एकट्यानें उचलावयाचा मोह धरूं नये. मग टब नव्या पेटीशेजारीं ठेवून दर पांच मिनिटांनीं नव्या पेटींतलें एकेक तांब्या पाणी त्यांत घातलें. तासाभरांत टबांतलें पाणी निम्म्याहून अधिक नवें झालें. अशा रीतीनें, जो सर्वांगानें चव घेतो त्याला नव्या पाण्याची चव सावकाश कळली. शेवटीं टब पाण्याखालीं नेऊन कलता केला. मासा आपण होऊन बाहेर पडला. थोरल्याला न्यावयास त्या मानानें कमी वेळ लागला. त्याच रात्रीं जुना स्पंज ओलाच्या ओला नव्या गाळणींत बसविला. धुतला नाहीं, फक्त जुन्याच पाण्यांत एकदां बुचकळला.

नव्या पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावला होता, कारण मोकळी कांच माशाला भिंत म्हणून दिसत नाहीं. वर झांकण ठेवून त्यावर वजन ठेवलें. घाबरलेला पंगास उडी मारतो. पहिला दिवसभर दिवा लावला नाहीं. दुसऱ्या दिवशीं अगदीं थोडें खाणें घातलें. वीज गेली तर हवा खेळती राहावी म्हणून बॅटरीवर चालणारा पंप शेजारीं ठेवला. पुढील दोन आठवडे रोज अमोनिया व नायट्राइट मोजलें, आणि तेव्हांपासून दर आठवड्यास चवथा हिस्सा पाणी बदलतों.

श्रोतेहो, एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. हें सहा फुटी घरहि या माशांना जन्मभर पुरेल असें नाहीं. पेटींत त्यांची वाढ मंदावते, पण थांबत नाहीं. पुढें त्यांच्यासाठीं सिमेंटचा हौद बांधावा लागेल, आणि त्याची जागा मीं आजच परसांत योजून ठेवली आहे. ज्यांना हें शक्य नाहीं, त्यांनीं बोटाएवढा पंगास मुळींच घरीं आणूं नये, हेंच माझ्या भाषणाचें पहिलें आणि शेवटचें सांगणें आहे.

आमच्या एका स्नेह्यांनीं सुचविलें होतें, "एवढी यातायात कशाला? कृष्णेंत सोडून द्या, पुण्य लागेल." हेतु चांगला, पण त्यांत पुण्य नाहीं. हे मासे कृष्णेचे नव्हेत. परक्या जलांतला मासा आपल्या नदींत रुजला तर येथल्या माशांचें अन्न आणि जागा घेतो. आमचा सकर ज्या जातीचा होता, ती मूळची दक्षिण अमेरिकेंतली. हौशी लोकांच्या पेट्यांतून सुटून ती आज भारतांत केरळ, तामिळनाडु, आंध्र आणि बंगाल येथील पाण्यांत पसरली आहे. ती कोळ्यांचीं जाळीं फाडते आणि बाजारांत तिला भाव नाहीं. घरांत मावत नाहीं म्हणून मासा नदींत टाकणें म्हणजे आपली जबाबदारी शेजाऱ्याच्या अंगणांत टाकणें होय.

शेवटीं त्या पांचव्या दिवसाविषयीं सांगतों. मागच्या वेळीं पांचव्या दिवशीं सकर गेला होता, हें मीं घरांत कोणास बोलून दाखविलें नाहीं. पण त्या पहाटे मला चारालाच जाग आली. बॅटरी लावून पाहण्याचा धीर होईना, कारण उजेडानें ते बिथरतात. पडवींत खुर्ची टाकून उजाडण्याची वाट पाहत बसलों. थोड्या वेळानें नात उठून आली आणि कांहीं न बोलतां माझ्या शेजारीं बसली. तिलाहि तो दिवस आठवत होता. फटफटूं लागलें तेव्हां पेटीच्या त्या टोंकाकडून एक रुपेरी रेघ आली, या टोंकाशीं सावकाश वळली, कांचेला न लागतां वळली, आणि परत गेली. तिच्यामागून दुसरी.

नातीनें हजेरीपत्रक उघडलें. अमोनियाचें शून्य, नायट्राइटाचें शून्य या रकान्यांपुढें तिनें स्वतःच एक नवा रकाना आंखला आणि त्यांत लिहिलें, "दोघे हजर." तेव्हांपासून ती रोज सकाळीं शाळेंत जाण्यापूर्वीं तेवढे दोन शब्द लिहून जाते.